आमच्या गाळ्यात काय काढायचं?

रोह्यात आमचं घर असं होतं की पुढे गाळा आणि मागे आम्ही. गाळा म्हणजे बाबांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान. सकाळी दाराच्या फळ्या काढल्या की रबराचा, तेलाचा आणि पंक्चर काढायच्या सोल्युशनचा मिळून एक वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. पोह्यांना सोल्युशनचा वास लागतो म्हणून मी लहानपणी कितीतरी वेळा ताटावरून उठले असेन. आता तो वास कुठे मिळाला तर मी दाम मोजून विकत घेईन.

माझ्या शाळेच्या दिवसांत दुकान जोरात होतं. धाटावला कंपन्यांमध्ये जाणारी माणसं शिफ्टच्या वेळेला दारात गर्दी करायची. ज्याला त्याला आपली ठरलेली सायकल हवी असायची. मडगार्डवर बाबांनी पांढऱ्या रंगात नंबर घातलेले होते आणि नंबरावरून भांडणंही व्हायची. मग कंपन्यांनी स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या. नाक्यावर सहा सीटर रिक्षा उभ्या राहायला लागल्या, आणि ज्याच्या त्याच्या दारात स्कूटर आली. मी अकरावीत गेले त्या वर्षी उन्हाळ्यात बाबांनी भंगारवाल्याला बोलावलं आणि सायकली देऊन टाकल्या. एक हिरवी तेवढी ठेवली. तिला डायनॅमोचा दिवा होता. ती का ठेवली हे आम्ही विचारलं नाही, कारण त्या दिवशी बाबांशी बोलायची कोणाची छाती नव्हती.

रिकामा गाळा दिसला की माणसांना काय होतं देव जाणे. आमच्या गल्लीतला जो तो सल्ला द्यायला लागला. समोरच्या केशकर्तनालयाच्या मालकाचं म्हणणं, व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी काढा, गिऱ्हाईक दाढी करता करता कॅसेट निवडेल. त्यात त्याचा काय फायदा होता ते स्पष्टच होतं. शेजारच्या शिंप्याने झेरॉक्सचं सुचवलं. कोलाडची आत्या एका रविवारी आली आणि वडापावशिवाय दुसरं काही चालणारच नाही, हायवेला बघा कशी रांग लागते, असं सांगून गेली. हायवे आमच्यापासून कित्येक मैल लांब होता, पण आत्याला कोण सांगणार.

बाबांचा स्वभाव असा की जो सल्ला कानावर पडेल त्यात ते दोन-चार दिवस राहायलाच जायचे. वडापावच्या आठवड्यात त्यांनी एवढी मोठी कढई आणली की ती आमच्या चुलीवर बसेना. औषधाच्या दुकानाचा विचार चालू होता तेव्हा रस्त्याने कोणी खोकत गेलं तरी ते पुढे होऊन पाहायचे. झेरॉक्सच्या दिवसांत त्यांनी माझी सगळी प्रमाणपत्रं काढून एकवार हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ह्याच्या कॉप्या लोकांना लागणारच." सायकलचं दुकान बंद झाल्याचं दुःख ते असं रोज नवीन दुकान काढून घालवत होते हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला फक्त हसू यायचं, आणि थोडा रागही.

राग ह्याचा की संध्याकाळी गाळ्यात ह्या सगळ्यांची बैठक बसायची आणि आई चहा घेऊन यायची. कपबश्या ठेवायची. कोणाला साखर कमी, कोणाला दूध जास्त हे तिला पाठ होतं. बाबा शिंप्याला विचारायचे, रिक्षावाल्याला विचारायचे. एकदा तर एस.टी. चुकली म्हणून आमच्या पायरीवर टेकलेल्या कोण्या अनोळखी पाहुण्याला त्यांनी विचारलं, "तुमचं काय म्हननं हाय?" त्या माणसाने पिशवी मांडीवर घेऊन अर्धा तास मत दिलं. आई रिकाम्या कपबश्या उचलून आत गेली. तिला कोणी विचारलं नाही.

आणि तिचं मत काय आहे ते मला माहीत होतं.

आई पेणची. तिच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काही मोठी यंत्रं नाहीत, लांबच लांब पडवी, फळ्यांवर ओळीने मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती आणि खाली मांडी घालून बसलेली माणसं. आई लहानपणापासून त्या पडवीत बसायची. आधी सोवळ्याचे काठ, मग दागिने, आणि मग तिचा हात बघून आजोबांनी तिला लहान मूर्तींचे डोळे रंगवायला दिले. डोळे रंगवण्याला पेणला आखणी म्हणतात. ती सगळ्यांच्या हाती देत नाहीत. मूर्तीचं बाकी काही बिघडलं तर रंग फिरवून झाकता येतं, पण डोळा बिघडला की ती मूर्ती माणसाकडे बघतच नाही.

लग्न होऊन ती रोह्याला आली आणि ब्रश सुटला. दर श्रावणात ती माहेरी जायची खरी, पण तिथे तिच्या जागेवर आता मामाने ठेवलेले कारागीर बसत. माहेरवाशिणीला काम कशाला, म्हणून मामी तिला पाटावर बसवून शेवयांची खीर वाढायची. ती खीर तिला गोड लागत नसे. ती उठून रंगाच्या वाट्या विसळत बसायची.

त्या वर्षी मात्र ज्येष्ठातच पेणला जाऊन आम्ही दोघी एस.टी.ने परत येत होतो. नागोठणं मागे पडलं तशी ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आपल्या गाळ्यात कच्च्या मूर्ती आणून रंगवल्या तर रोह्याच्या मानसांना पेणला खेपा घालायला नकोत."

मी ताठ होऊन बसले. "मग बाबांना सांग ना!"

"विचारलं तर सांगेन."

"ते विचारायचे नाहीत."

"मग नाय सांगायची."

मला असा संताप आला की मी रोहा येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. मी तिच्यावर चिडले होते की बाबांवर हे मला आजही सांगता येणार नाही. घरी पोहोचल्या पोहोचल्या मी बाबांना म्हटलं, "तुम्ही सगळ्या रोह्याला विचारलंत, आईलाही विचारा की."

बाबा हिरव्या सायकलची चेन पुसत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "तिला काय विचारायचं? ती घरातलीच हाय."

त्यांना त्यात काही वावगं बोललो असं वाटलं नाही. बाबा वाईट नव्हते. आईला कधी उलट शब्द नाही, हात उगारणं तर लांबच. फक्त आपण हाताला जसं विचारत नाही की बाबा रे, तुझं मत काय, तसं ते तिला विचारत नसत.

आषाढ लागेपर्यंत बाबांचं टेलिफोनचं ठरलं. एस.टी.डी.चं बूथ. तेव्हा त्या पिवळ्या पाट्या सगळीकडे दिसायला लागल्या होत्या. अर्ज गेला, आणि लाइन कधी यायची ते त्या खात्यालाच माहीत. तोवर बाबांनी सुताराला काचेची केबिन सांगून टाकली. ती आली, गाळ्याच्या कोपऱ्यात उभी राहिली. आत फोन नाही. बाबा आत जाऊन दार लावून उभे राहायचे आणि बाहेर मला ऐकू येतं का ते बघायला हॅलो हॅलो ओरडायचे. मला सगळं ऐकू यायचं. सुताराने दारात बोटभर फट ठेवली होती.

आणि मग पाटांचं ते प्रकरण झालं.

आमच्याकडे जेवायला बसायचे लाकडी पाट होते. पावसाळ्यात त्यांना बुरशी यायची. एका सकाळी आईने सगळे पाट काढले, माळ्यावरचे न वापरलेलेसुद्धा, चिंचेने आणि राखेने घासले. घरात वाळवायला जागा नव्हती, मागे धो धो पाऊस. गाळा कोरडा आणि समोरासमोर वारा. तिने ते धुतलेले पाट गाळ्यात भिंतीला लावून ओळीने उभे केले आणि फळ्या उघड्या ठेवून ती आत भाकऱ्या करायला गेली.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. गणपतीची मूर्ती सांगायची तर आमच्याकडे कागदावर काही लिहून देत नाहीत. आपल्या घरचा पाट नेऊन मूर्तिकाराकडे ठेवायचा, त्यावर खडूने घराण्याचं नाव घालायचं. चतुर्थीला त्याच पाटावर बसून देव घरी येतो. त्यामुळे आषाढात कुठल्याही दुकानात भिंतीला ओळीने पाट उभे दिसले की त्याचा अर्थ एकच. त्यात बाई पेणची, कारखानदाराची लेक. आमचा स्वतःचा गणपती खांब गावात थोरल्या काकांकडे असायचा हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मग एवढे पाट आले कुठून? लोकांचे आले असणार.

दुपारी आम्ही जेवायला पाट आणायला गाळ्यात गेलो तर ओळीत एक पाट जास्त होता. त्यावर खडूने शिंप्याच्या घराण्याचं नाव. संध्याकाळी आणखी दोन आले. दुसऱ्या दिवशी खाडीकडच्या गावातून मिठागरावर काम करणारी एक बाई मासळीच्या पाटीबरोबर डोक्यावर पाट घेऊन आली. पदराने तो पुसला आणि आईच्या हातात देत म्हणाली, "वैनी, आमचा पाट ठेव गो. आमाला बारकाच लागतो गनपती, पन डोले चांगले काढ. मागल्या वर्साचा नुसता भिंतीकडं बगत व्हता."

आईने पाट घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

बाबा बूथच्या अर्जासाठी दोन दिवस बाहेरगावी गेले होते. घरी आल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "हे काय? आपन बूथ काढतोय! सांगायचं नाय का मानसांना?"

"कोनी विचारलं नाय," आई म्हणाली. "ठेवा म्हनाले, ठेवले."

"मग परत कर."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच दचकले. "रिकामा पाट परत करू? देवाचा?"

एकदा घेतलेला पाट रिकामा माघारी पाठवत नाहीत. तो अपशकुन पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही. तरी बाबा हटून बसले. देवाचं मला ठाऊक नाही, शिंप्याचं काय ते मी बघतो, म्हणाले, आणि शिंप्याचा पाट काखेत मारून शेजारी गेले. आम्ही दारातून बघत होतो. आत चहा झाला, मोठमोठ्याने हसणं झालं. बऱ्याच वेळाने बाबा बाहेर आले तेव्हा काखेत तो पाट होताच, आणि हातात दुसरा. शिंप्याच्या सासुरवाडीचा. बाबांनी दोन्ही पाट ओळीत उभे केले आणि हातपाय धुवायला गेले.

मी हसून हसून बेजार झाले. आई हसली नाही. ती पाटांकडे बघत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेली भीती होती. मी तिला पुढे अनेकदा विचारलं, त्या दिवशी पाट तू मुद्दाम गाळ्यात मांडलेस ना? माळ्यावरचे कशाला काढलेस? दर वेळी ती एकच सांगायची, "बुरशी आली व्हती." बुरशी आली होती हे खरंच आहे.

आईने निरोप धाडल्यावर मामाने पेणहून टेम्पोतून मूर्ती पाठवल्या, पेंढ्यात बसवून. अंगाचा रंग तिकडूनच फवारून आला होता. सोवळी, दागिने आणि डोळे बाकी. आईने काठ, मुकुट, सोंडेवरची नक्षी सगळं भराभर केलं. दुपारचं जेवण आटोपलं की ती गाळ्यात, आणि दिवेलागणीला हात धुऊन परत चुलीपाशी. रंगवलेल्या मूर्तींवर धूळ बसू नये म्हणून बाबांच्या काचेच्या केबिनमध्ये एकेक मूर्ती सुकायला जाऊ लागली. फोन करायला आलेल्या एका माणसाने आत देव बघून बाहेरूनच नमस्कार केला आणि निघून गेला. बाबा हे सगळं बघत. लाइन येईस्तोवर चालू दे, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण डोळे ती करेना. सगळ्या मूर्ती तयार, आणि सगळ्या आंधळ्या. उद्या करते, आज उजेड नाय, आज ब्रश चांगला नाय. मला वाटलं ती काम रेंगाळवतेय. ती घाबरली होती. एके दिवशी मी तिला गाळ्यात एकटीच बसलेली पाहिली, मूर्ती समोर, ब्रश हातात, आणि हात मांडीवर. मला बघून म्हणाली, "लय वर्सं झाली गो. हात इसरला असंल तर? मानसांनी पाट दिलेत." लोक काय म्हणतील ह्याची तिला भीती नव्हती. इतकी वर्षं तिने आपल्याजवळ जपून ठेवलेली ती एकच गोष्ट आता आपल्याजवळ नसली तर, ह्याची होती.

चतुर्थी तोंडावर आली. त्या दिवशी भर दुपारी आभाळ इतकं भरून आलं की घरात काही दिसेना, आणि नेहमीप्रमाणे लाइट गेली. आई उठायला लागली. "ऱ्हाऊ दे, आता अंधारच झाला."

बाबा आतून आले. त्यांनी कोपऱ्यातली हिरवी सायकल ओढली, मूर्तीसमोर स्टँडवर चढवली, डायनॅमो मागच्या चाकाला लावला आणि दिव्याचं तोंड खाली वाकवलं. मग ते मागे उकिडवे बसले आणि हाताने पेडल फिरवायला लागले. चाक गरगरलं, डायनॅमो घूं घूं करू लागला आणि देवाच्या चेहऱ्यावर उजेडाचा गोल पडला.

"बस," बाबा म्हणाले. "कर."

आई बसली. तिने ब्रशचं टोक ओठांत ओढून निमुळतं केलं आणि हात वर नेला. उजेड कमीजास्त होत होता.

"सारखं फिरवा हो," ती म्हणाली. "उजेड हालला की डोला हालतो."

बाबांना आयुष्यात तिने पहिल्यांदा काही हुकूम सोडला असेल. त्यांनी पेडलचा वेग सारखा धरला. इतक्या वर्षांचा सायकलवाला, चाक एका लयीत ठेवणं त्यांना येत होतं. आईने श्वास रोखला आणि वरची रेघ एका दमात, न थांबता ओढली. मग खालची. मग बुबुळ. मग अगदी शेवटी, ब्रश बदलून, पांढरा ठिपका.

मी मूर्तीच्या समोर उभी होते. तो ठिपका पडला आणि त्या मूर्तीने माझ्याकडे पाहिलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बाबांनी पेडल फिरवता फिरवता मान लांब करून बघायचा प्रयत्न केला आणि उजेड हलला. "अवो!" आई ओरडली, आणि ते पुन्हा खाली बसले.

लाइट संध्याकाळी आली. तरी बाबा पेडल सोडेनात. शेवटची मूर्ती होईपर्यंत हात बदलून बदलून त्यांनी चाक फिरतं ठेवलं आणि आईनेही त्यांना थांबा म्हटलं नाही.

चतुर्थीला पहाटेपासून लोक आले आणि आपापल्या पाटावर देव घेऊन गेले. मिठागरावरची ती बाई आपल्या मूर्तीसमोर वाकून उभी राहिली, उजवीकडे सरकली, डावीकडे सरकली. "बगतोय गो," ती म्हणाली. "जिकडं जावं तिकडं बगतोय." गाळा रिकामा झाला. आम्ही फळ्या लावल्या आणि खांबला काकांकडे गेलो.

अनंतचतुर्दशी झाली, पितरांचा पंधरवडा लागला आणि एका सकाळी टेलिफोन खात्याचा माणूस खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन दारात उभा राहिला. बाबांनी ज्याची वाट बघितली होती तो दिवस. गाळ्यात केबिन उभी, जमिनीवर रंगाचे शिंतोडे, कोपऱ्यात हिरवी सायकल अजून स्टँडवर.

"कुठे बसवू?" त्याने विचारलं. "ह्या केबिनमध्ये ना?"

बाबा हो म्हणणार होते. तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्यांनी केबिनकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, आणि त्या माणसाला म्हणाले, "जरा थांब. विचारून येतो."

ते आत गेले, मी त्यांच्या मागोमाग. आई तांदूळ निवडत होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ह्या दारात ते जेवायची वेळ सोडून कधी आले नव्हते, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"अगो," ते म्हणाले, "गाळ्यात काय काढायचं? तुजं काय म्हननं हाय?"

आईचा हात सुपात थांबला. तिला हा प्रश्न ऐकायचा होता हे मला माहीत होतं, आणि उत्तर तर एस.टी.तच तयार होतं. तिने एक खडा उचलून बाजूला टाकला.

"इचार करून सांगते," ती म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. बाहेर येऊन त्यांनी त्या माणसाला चहा पाजला आणि सांगितलं, "आज नको. घरात विचार चाललाय."

पुढे काय झालं ते सगळ्या रोह्याने पाहिलं. फोन कोपऱ्यात बसला आणि बाकी गाळा आईचा झाला. पण मला आठवतात ते मधले दिवस, नवरात्र उलटून जाईपर्यंतचे. बाबा रोज सकाळी त्या दारात येऊन खाकरायचे. आई मागे वळायची नाही. भाकरी थापता थापता म्हणायची, "अजून नाय," आणि बाबा, "बरं, बरं, घाई नाय," म्हणत परत जायचे.